पूर आणि भरती : खाडीकाठच्या नगरांच्या जलसंकटाचा एक ऐतिहासिक विचार

मराठीतील 'पूर' आणि 'भरती' हे दोन शब्द निरनिराळ्या धातूंपासून आलेले असले, तरी दोहोंच्या मुळाशी अर्थ एकच आहे, तो म्हणजे भरणे. 'पूर' हा 'पूर्ण', 'पूरण', 'पूर्ती' यांच्या कुळातला, तर 'भरती' हा सरळ 'भरणे' या क्रियापदावरून आलेला. व्यवहाराने मात्र या दोन शब्दांत दिशांची वाटणी केली आहे. पूर वरून येतो, भरती खालून येते. देशावरच्या माणसाला पहिला शब्द पुरेसा होतो आणि समुद्राच्या तोंडाशी राहणाऱ्या कोळ्याचे दुसऱ्यावर भागते. परंतु नदी जेथे संपते आणि खाडी जेथे सुरू होते, अशा जागी वसलेल्या नगराला हे दोन्ही शब्द सारखेच लागतात. कारण तेथे एकच पात्र दोन बाजूंनी भरले जाते.

कोकणातील अशा नगरांच्या पुरांविषयी जे लिहिले व बोलले जाते, त्याचा सारा रोख पाण्याच्या राशीवर असतो. पाऊस किती इंच पडला, धरणातून किती पाणी सुटले, पात्रात गाळ किती साचला, असे प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न गैरलागू आहेत असे नव्हे. तथापि या नगरांचा इतिहास, आणि त्या इतिहासाने मागे ठेवलेली शब्दसंपत्ती, जरा बारकाईने पाहिली असता असे दिसून येते की येथे 'किती' या प्रश्नाच्या आधी 'केव्हा' हा प्रश्न येतो. तेवढाच लोंढा ओहोटीच्या वेळी आला तर रस्त्याच्या कडेने निघून जातो आणि उधाणाच्या भरतीवर आला तर दुकानाच्या माळ्याला टेकतो. पूर्वीच्या लोकांना ही गोष्ट ठाऊक होती. ती विसरली कशी गेली, आणि तिचे पुनःस्मरण पूरनिवारणाच्या कामी कितपत उपयोगी पडेल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

कोकणच्या नद्यांच्या नावांतच या स्थितीची पहिली खूण सापडते. येथे एकाच प्रवाहाला बहुधा दोन नावे असतात. सह्याद्रीपासून नगरापर्यंत ती सावित्री, नगराखाली तीच बाणकोटची खाडी. वर वाशिष्ठी, खाली दाभोळची खाडी. वर शास्त्री, खाली जयगडची खाडी. वर कुंडलिका, खाली रेवदंड्याची खाडी. वरचे नाव पुराणातले किंवा देवतेचे असते, खालचे नाव बंदराचे असते. नाव जेथे बदलते, त्याच्या आसपासच त्या त्या खोऱ्यातील मुख्य बाजारपेठ वसलेली असते, आणि हा योगायोग नाही. अंबेवर नागोठणे, कुंडलिकेवर रोहे, सावित्रीवर महाड, जगबुडीवर खेड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, अशी ही मालिका उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. किनाऱ्याला समांतर आणि घाटाच्या पायथ्यापासून जवळ अशी ही नगरांची ओळ नकाशावर पाहताच डोळ्यांत भरते.

तिचे कारण भरती हेच होय. शिडाचा पडाव वा मचवा भरतीवर चढून जेथपर्यंत येऊ शके, तेथे माल उतरे; तेथून पुढे तो बैलांच्या पाठीवर चढून घाट ओलांडी. चिपळुणाहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, महाडाहून वरंधा घाटाने भोर, राजापुराहून अणस्कुरा घाटाने कोल्हापूरकडचा मुलूख. समुद्राचे पाणी आणि देशावरचा रस्ता यांमधील अंतर जेथे कमीत कमी, तेथे पेठ. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापुरास वखार घातली, ती याच हिशेबाने. म्हणजे ज्या कारणामुळे ही नगरे संपन्न झाली, नेमक्या त्याच कारणामुळे ती बुडतात. घाटावरून उतरणारे पाणी आणि समुद्रातून चढणारे पाणी यांची भेट होण्याची जी जागा, तीच व्यापाराला सोयीची जागा होती. पूर्वजांनी जागा चुकीची निवडली, असे अलीकडे अनेकदा ऐकू येते. त्यांनी ती पूर्ण समजून निवडली होती. तेथे राहायचे कसे, याचे ज्ञानही त्यांच्यापाशी होते. ते पुढच्या पिढ्यांकडून हरवले.

हे ज्ञान मुख्यतः वेळेचे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती म्हणजे 'उधाण' आणि अष्टमीच्या आसपासची दुबळी भरती म्हणजे 'भांग', असे दोन शब्द किनाऱ्यावर सर्रास चालतात. यांपैकी पहिला सबंध मराठीने उचलला. उत्साहाला उधाण येते, आनंदाला येते, बाजारालाही येते. भांग मात्र कोणाच्याच उत्साहाला येत नाही. शहरी वाचकाला 'भांगाची भरती' असे म्हटले तर त्याला केसांचा भांग आठवेल किंवा शिमग्यातली भांग. अर्धी जोडी साहित्याने घेतली आणि अर्धी किनाऱ्यावर राहू दिली. परिणामी उधाण हा शब्द केवळ अतिरेकाचा वाचक झाला आणि त्यातील पंधरवड्याचा हिशेब नाहीसा झाला. वस्तुतः उधाण ही दर पंधरा दिवसांनी, आगाऊ ठाऊक असलेल्या दिवशी आणि आगाऊ ठाऊक असलेल्या घटकेला येणारी गोष्ट आहे. पावसाविषयी असे म्हणता येत नाही. पुराच्या दोन कारणांपैकी एक तरी पंचांगात लिहून ठेवलेले आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

ती घटका काढण्याची एक सोपी रीत मुंबईच्या व उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आणि दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, तीच गोष्ट या गुणाकारात बांधलेली आहे. खाडीच्या डोक्याशी असलेल्या नगरात ही वेळ अर्थातच उशिरा येते, कारण पाण्याला मुखापासून आत यावे लागते. तो उशीर किती, हे त्या त्या खाडीत होडी चालवणाऱ्या माणसाला अनुभवाने ठाऊक असे.

जोवर माल होडीने येत होता, तोवर हा हिशेब केवळ तांडेलाचा नव्हता. पेढीवरच्या कारकुनाला, हमालाला आणि गाडीवानालाही तो अवगत असणे भाग होते. पुढे प्रथम मोटाररस्त्याने आणि नंतर १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने ही गरज संपवली. खाडीतील गाळाने तर त्यापूर्वीच सुरुवात केली होती. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राजापूरची खाडी गाळाने भरून मोठी गलबते धक्क्यापर्यंत येईनाशी झाल्याची हकीकत आहे. नगरांनी नदीकडे पाठ केली व महामार्गाकडे तोंड केले. जेथे धक्का होता, तेथे परसू आले. जेथे मळे होते, तेथे वसाहती उठल्या. भरतीची वेळ विचारण्याचे कोणालाच कारण उरले नाही. नगराचे दैनंदिन घड्याळ चंद्रावरून निघून सूर्यावर, किंबहुना मोटारगाडीच्या वेळापत्रकावर गेले.

या सर्व बदलांचे एकत्रित उदाहरण म्हणून चिपळुणाकडे पाहावे लागते. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते ती फार थोड्या अंतरात. घाटाच्या तीव्र उतारावरून आलेले पाणी काही तासांत सपाटीवर येते. तेथून दाभोळ-अंजनवेलीपर्यंत उतार जवळजवळ नाहीच. नगराखाली गोवळकोटाजवळ जुने बंदर होते. पात्रात बेटे आहेत, गाळाच्या जुव्या आहेत, वळणे आहेत. नगराच्या आतून वाहणारी शिवनदी याच सपाटीवर वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी फुगली म्हणजे शिवनदीचे पाणी पुढे जात नाही. ते मागे सरते. येथे मराठीतील आणखी एक शब्द उपयोगी पडतो. नदीला पूर 'येतो', पण पाणी 'तुंबते'. येणे आणि तुंबणे या दोन क्रिया भिन्न आहेत. पहिलीत गती आहे, दुसरीत कोंडी. चिपळुणात या दोन्ही एकाच वेळी घडतात, आणि बाजारपेठेचे जे नुकसान होते त्यातील मोठा वाटा दुसरीचा असतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. मोठ्या पुराच्या दिवशी समुद्राचे खारे पाणी उलटे चढून नगरात शिरते, असे कित्येकदा बोलले जाते. तसे घडत नाही. नदीच्या लोंढ्यापुढे खाऱ्या पाण्याचे काही चालत नाही. भरती जे करते ते निराळे आहे. ती खाडीच्या मुखाशी पाण्याची पातळी उचलते आणि त्यामुळे नगर व समुद्र यांमधला आधीच अल्प असलेला उतार आणखी अल्प होतो. उतार गेला की वेग जातो, वेग गेला की पाणी उंच होते. म्हणजे भरती पाणी आणत नाही. ती जाणाऱ्या पाण्याला थोपवून धरते. सुमारे सहा तासांनी ती वाट पुन्हा मोकळी होऊ लागते. या सहा तासांतच नगराचे भवितव्य ठरते, असे म्हणण्यास हरकत नाही.

वाशिष्ठीची स्थिती गेल्या साठ वर्षांत आणखी एका कारणाने बदलली. १९६२ साली कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती सुरू झाली, आणि पूर्वेकडे कृष्णेला जाणारे कोयनेचे पाणी बोगद्यांतून पोफळीकडे, पश्चिमेला उतरू लागले. पुढे कोळकेवाडीचे धरण झाले. तेथे पुन्हा वीज काढून ते पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्याला वर्षास ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. यामुळे उन्हाळ्यात आटणारी नदी बारमाही झाली. त्याचबरोबर तिच्यात आणखी एक घड्याळ शिरले. कोयनेची वीज प्रामुख्याने मागणीच्या ऐन वेळी काढली जाते. म्हणून पाणी केव्हा सुटावे, हे दूरच्या शहरांतील दिवे व कारखाने ठरवतात. चंद्राच्या घड्याळाने खाडी चालते आणि विजेच्या मागणीच्या घड्याळाने नदी. या दोन घड्याळांचा परस्परांशी संबंध नाही. एरवी त्याने काही बिघडत नाही. आषाढातील मुसळधार पावसात मात्र ही विसंगती अर्थपूर्ण होते.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईच्या आठवणीत राहिला, कारण सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि तो दुपारच्या भरतीवर आला. त्याच दिवसांत महाड व चिपळूणही बुडाले होते. पण त्यांची आठवण मुंबईच्या छायेत झाकली गेली. पुढचा मोठा पूर २२ जुलै २०२१ चा. त्या दिवशी पहाटेपासून चिपळुणात पाणी चढू लागले. तिथी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाण लागत होते. पाऊणपटीच्या रीतीने त्या दिवसाची भरती पावणेदहाच्या सुमारास येते, आणि खाडीच्या डोक्याशी त्याहून उशिरा. याचा अर्थ असा की पहाटेच्या ओहोटीतच पात्र भरून वाहत होते आणि त्यावर सकाळची भरती आली. पाणी ओसरायला दिवस लागला. महाडातही तीच गत झाली. महामार्गावरील वाशिष्ठीचा जुना पूल त्या लोंढ्यात खचला.

या पुरांत जे गेले त्यात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथही होते. १८६४ साली स्थापन झालेली ही संस्था कोकणातील जुन्या ग्रंथालयांपैकी एक; २०१३ सालचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिच्याच यजमानपदाखाली चिपळुणात भरले होते. २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तिच्यात पाणी शिरले आणि ग्रंथ भिजले. दुकानातील माल गेला तर तो पुन्हा भरता येतो. मराठीच्या अभ्यासकाला दुर्मीळ ग्रंथाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. ज्या पेठेत व्यापारी पावसाळ्यात माल माळ्यावर चढवून ठेवतात, त्या पेठेत ग्रंथही तळमजल्यावर असू नयेत, ही शिकवण दोन पुरांच्या किमतीने मिळाली.

२०२१ नंतर चिपळुणात दोन वाद विशेष रंगले. एक, कोळकेवाडीच्या पाण्याने पूर वाढला की नाही. आणि दोन, नदीतला गाळ काढला म्हणजे पूर थांबेल की नाही. गाळ काढावा म्हणून चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण केले आणि त्यानंतर वाशिष्ठी व शिवनदी यांतून गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. हे दोन्ही वाद राशीचे आहेत. त्यांत वेळेचा प्रश्न कसा गुंतलेला आहे, हे समजण्यासाठी कोकणातलीच एक जुनी युक्ती आणि एका परदेशी नदीचा इतिहास, असे दोन पुरावे पाहणे उपयुक्त ठरेल.

जुनी युक्ती म्हणजे खारबंदिस्ती. खाडीकाठची खाजण जमीन बांध घालून भातशेतीखाली आणण्याची ही पद्धत उत्तर कोकणात फार पूर्वीपासून आहे; पेणच्या बाजूस अशा जमिनींच्या धारणापद्धतीला 'शिलोत्री' असे खास नावच होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई प्रांतात खार जमिनींसंबंधी कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र राज्याने नवा केला. या बांधांचे मर्म बांधात नसून बांधात ठेवलेल्या दारात असते. त्या दाराला 'उघाडी' म्हणतात. ओहोटीला आतले पाणी बाहेरच्या पाण्याहून उंच होते, तेव्हा उघाडीची झडप आतल्या दाबाने उघडते व शेतातले गोडे पाणी निघून जाते. भरतीला बाहेरचा दाब वाढताच तीच झडप मिटते. माणसाने काही करावे लागत नाही. शब्दाची गंमत अशी की जी वस्तू भरतीच्या वेळी मिटण्यासाठी केली, तिला नाव मिळाले ते उघडण्यावरून. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्व पाणी अडवण्याला नव्हते. योग्य वेळी ते जाऊ देण्याला होते.

अर्थात खारबंदिस्तीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकता कामा नये. प्रत्येक बांध खाडीच्या पसरण्याच्या जागेतून एक तुकडा काढून घेतो. एका गावचे भात वाचते, पण ते पाणी कोठेतरी जातेच. बांध शेतासाठी होते तोवर मोठ्या पुरात ते फुटत व जमीन पुन्हा पाण्याखाली जाई. नुकसान एका हंगामाचे होई. त्याच जागी भराव घालून इमारती उभ्या राहिल्या म्हणजे ती जागा नदीला कायमची बंद होते. महाडच्या व चिपळूणच्या आसपासच्या सखल मळ्यांचा इतिहास या दृष्टीने कोणी सविस्तर लिहील तर ते मोलाचे काम होईल.

परदेशी उदाहरण लंडनच्या टेम्स नदीचे. आकाराने, हवामानाने आणि संपत्तीने ती वाशिष्ठीहून सर्वस्वी भिन्न आहे. तथापि तीही भरतीची नदी असून टेडिंग्टनपर्यंत तिला भरती चढते. तिच्या इतिहासातील तीन प्रसंग प्रस्तुत विषयाला लागू पडतात. पहिला १८३१ चा. त्या वर्षी नवा लंडन पूल खुला झाला आणि मध्ययुगीन जुना पूल पाडण्यास सुरुवात झाली. जुन्या पुलाचे एकोणीस खांब इतके रुंद होते की तो पूल बंधाऱ्याचेच काम करी. तो गेल्यावर नदी मोकळी झाली; पण ती दोन्ही दिशांनी मोकळी झाली. वरच्या बाजूस भरती पूर्वीपेक्षा अधिक चढू लागली आणि ओहोटीला पाणी इतके उतरू लागले की रिचमंडसारख्या गावांसमोर चिखलाचे पट्टे उघडे पडले. शेवटी १८९४ मध्ये रिचमंड येथे अर्ध्या भरतीची पातळी राखणारा बंधारा घालावा लागला. गाळ काढण्याच्या प्रश्नावर हे उदाहरण प्रकाश टाकते. भरतीच्या नदीत अडथळा काढला म्हणजे पुराला वाट मिळते हे खरे, परंतु भरतीलाही वाट मिळते. याचा अर्थ वाशिष्ठीतला गाळ काढू नये असा नाही. नगरापासच्या उथळ भागातील गाळाने पाणी निश्चित तुंबते. तो कोठवर आणि किती खोल काढावा, हे मात्र खाडीतल्या भरतीचे माप घेतल्याशिवाय ठरवता येणार नाही.

दुसरा प्रसंग जानेवारी १९२८ चा. वरच्या खोऱ्यात बर्फ वितळून व पाऊस पडून नदी भरलेली होती. त्याच सुमारास उत्तर समुद्रातील वादळाने भरती उंचावली. सहा व सात तारखांमधील रात्री नदीकाठच्या भिंती फुटल्या आणि चौदा माणसे बुडाली. टेट चित्रसंग्रहालयाच्या खालच्या मजल्यात पाणी शिरून तेथील चित्रांची हानी झाली. दोन पाण्यांची वेळ जुळली, एवढेच त्या रात्रीचे कारण. चिपळूणच्या वाचन मंदिराचे नुकसान आठवणाऱ्याला हे वर्णन परके वाटू नये.

तिसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्राने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ आणि हॉलंडमध्ये अठराशेंहून अधिक बळी घेतले. त्यानंतर लंडनच्या रक्षणासाठी टेम्सवर दरवाजे बसवावेत, हा विचार पुढे आला. पण मोठी जहाजे आत येत असल्याने दरवाजे किती रुंद ठेवावे, यावर तो अडून राहिला. गोद्या खालच्या बाजूस हलल्या, जहाजांची ये-जा घटली, तेव्हाच तो मार्गी लागला. १९७२ मध्ये कायदा झाला, १९८२ पासून वुलिच येथील दरवाजे कामास लागले आणि १९८४ मध्ये त्यांचे रीतसर उद्घाटन झाले. चार मुख्य दरवाजे प्रत्येकी ६१ मीटर रुंद असून एरवी ते नदीच्या तळाशी आडवे पडलेले असतात.

हे दरवाजे समुद्राला थोपवण्यासाठी केले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा दुसरा उपयोग मात्र कमी ठाऊक आहे. वरून पूर येत असेल तर ते ओहोटी संपता संपता मिटतात. भरती बाहेर राहते, आतले पात्र रिकामे राहते आणि त्या रिकाम्या जागेत नदीचे पाणी सामावते. बाहेरची पातळी उतरली की दरवाजे उघडून ते सोडून देतात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात दरवाजे ५० वेळा मिटले, त्यांपैकी ४१ वेळा या दुसऱ्या कारणासाठी. तत्त्वतः ही पेणच्या खारातली उघाडीच आहे. फरक एवढाच की ती दाबाने आपोआप चालत नाही. पाऊस, नदी आणि भरती यांच्या वेळा जुळवून माणसे तिचा निर्णय घेतात. वाशिष्ठीच्या मुखाशी असे काही बांधावे, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. खर्च, मासेमारी, गाळ, कांदळवने, यांतील एकेक गोष्ट त्या कल्पनेला आडवी येईल. उसनी घेण्यासारखी गोष्ट दरवाजा नसून त्यामागची वेळेची गणना ही आहे.

वर धरण असले म्हणजे ही गणना आपोआप होते, असे मात्र समजू नये. तापीवरचे सुरत हे याचे बोलके उदाहरण. तापीचे पाणलोटक्षेत्र मुख्यतः खानदेश-वऱ्हाडात आहे. तेथे पडलेला पाऊस उकाईच्या धरणात येतो आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटर खाली, खाडीच्या डोक्याशी, सुरत आहे. १९७२ मध्ये धरण पुरे झाल्यावर नगर निर्धास्त झाले व नदीकाठी वाढत गेले. ऑगस्ट २००६ मध्ये धरण भरत आले असता थोड्या दिवसांत फार मोठा विसर्ग करावा लागला. तो सेकंदाला नऊ लाख घनफुटांच्या घरात गेला आणि नगराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ९ ऑगस्टला श्रावणी पौर्णिमा होती. धरणाने पूर लहान केला असेल. पण त्याची वेळ निवडण्याचा जो अधिकार धरणामुळे माणसाच्या हाती आला होता, तो शेवटच्या दिवसांपर्यंत राखून ठेवल्यामुळे उधाणाच्याच दिवशी खर्च करावा लागला.

या दृष्टीने पाहता कोळकेवाडीच्या वादाचे स्वरूप बदलते. सोडलेले पाणी पुराच्या मानाने किती, याचे उत्तर 'थोडे' असे जरी आले, तरी वाद संपत नाही. तेच पाणी खाडीला ओहोटी असताना सोडले की भरती असताना, हे विचारावयास हवे. लवादाने वर्षाची मर्यादा ठरवली. तिथीची आणि घटकेची मर्यादा कोणी ठरवलेली नाही. आषाढ-श्रावणातील उधाणाच्या चार-पाच दिवसांपुरते तरी विजेचे घड्याळ चंद्राच्या घड्याळाला जुळवून घ्यावे, ही मागणी गाळ काढण्याच्या मागणीइतकीच रास्त आहे आणि तिला खर्च त्या मानाने अल्प येतो. त्यासाठी घाटमाथ्यावरील पाऊस, धरणाची पातळी आणि दाभोळच्या मुखाशी असलेली भरती, या तीन गोष्टी एकाच तक्त्यावर, एकाच माणसासमोर आल्या पाहिजेत. प्रशासनात त्या तीन निरनिराळ्या खात्यांच्या आहेत.

पूररेषांविषयीही असेच म्हणता येईल. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखून त्यांच्या आत बांधकामावर बंधने घालण्याची महाराष्ट्रातील पद्धत तत्त्वतः योग्यच आहे. चिपळुणात तिला विरोध झाला, कारण जुनी पेठच रेषेच्या आत येते; पेठ का तेथे आहे हे वर सांगितलेच आहे. जे नगर भरतीच्या टोकाला जाणूनबुजून वसले, त्याला टेकडीवर जा म्हणणे सोपे, पण अनैतिहासिक आहे. शिवाय रेषा फक्त उंची सांगते. भरतीच्या नदीत एकाच लोंढ्याची उंची तासागणिक बदलते, आणि समुद्राची सरासरी पातळीही स्थिर नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात ती सुमारे वीस सेंटिमीटरांनी वाढल्याचे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात नमूद आहे. ज्या उतारावर नगराचा निचरा अवलंबून आहे, तो मुळातच काही हातांचा. त्यातून वीतभर गेली तरी ती उणीव मोठी.

धोक्याचा इशारा देताना वापरली जाणारी भाषाही या संदर्भात तपासण्याजोगी आहे. 'नदीने इशारा पातळी ओलांडली', 'नदीने धोका पातळी ओलांडली', ही वाक्ये देशावरच्या नद्यांसाठी पुरेशी आहेत. खाडीच्या डोक्याशी असलेल्या पेठेतील दुकानदाराला त्यातून हे कळत नाही की पाणी अजून सहा तास चढणार आहे की तासाभरात उतरू लागणार आहे. आणि माल वर चढवायचा की दुकान सोडून निघायचे, हा त्याचा निर्णय तेवढ्यावरच ठरतो. 'भरती अमुक वाजता लागेल, तोवर पाणी चढेल' असे वाक्य त्याच्या आजोबांना समजले असते. त्याला ते समजण्यासाठी उधाण आणि भांग हे शब्द पुन्हा शिकावे लागतील, आणि ते शिकवू शकणारी माणसे दाभोळच्या खाडीत अजून होडी घालतात.